२४० डी चे मागचे शाफ्ट बदलले – खटखट गेली एकदाची

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच. मागच्या वेळी स्प्रिंग बदलल्याचं लिहिलं होतं, त्यानंतर जी खटखट सुरू झाली होती तिचा निकाल लागलाय. गाडी तीच, मर्सिडीज डब्ल्यू १२३, २४० डी, १९८१ ची, चार गिअरची मॅन्युअल. काम दोन्ही मागच्या ॲक्सल शाफ्टचं, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांचं. तीन शनिवार-रविवार गेले, त्यातला पहिला निव्वळ शोधण्यात गेला आणि माझ्या मते खरं काम तेच होतं, म्हणून त्यावर जास्त लिहितोय.

आधी लक्षणं सांगतो. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की मागून एक ठोका, म्हणजे टक असा, कोणीतरी सीटखाली पाना आपटल्यासारखा. मग गाडी चालू लागली की गप्प. हळू वेगात, ट्रॅफिकमध्ये ॲक्सिलरेटर सोडला परत दिला, सोडला परत दिला की प्रत्येक वेळी टक-टक. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर लोड आला की सीटमधून एक बारीक थरथर, आणि पाय उचलला की तीच थरथर बंद. हे लोडवर येणं आणि लोड काढला की जाणं फार महत्त्वाचं आहे. व्हील बेअरिंग गेलं असतं तर घूं-घूं आवाज वेगाबरोबर वाढला असता आणि वळणावर कमी-जास्त झाला असता, पाय दाबा नाहीतर उचला त्याला फारसा फरक पडत नाही. टायरचं बॅलन्सिंग असेल तर ठराविक वेगाला येतं आणि न्यूट्रलमध्ये टाकली तरी राहतं. इथे दोन्ही नव्हतं.

आता ज्यांना या गाडीची मागची बाजू माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागे सरळ दांडा नाही, दोन्ही चाकं स्वतंत्र, सेमी-ट्रेलिंग आर्मवर, म्हणजे पुढून बिजागरीसारख्या धरलेल्या तिरक्या हातावर. डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारी गिअरची पेटी, पुढे नुसतं डिफ) मधे सबफ्रेमला, म्हणजे बॉडीखालच्या चौकटीला, आणि मागून बॉडीला रबरी माउंटने धरलेलं, ते जागचं हलत नाही, चाकं मात्र वरखाली होतात, त्यामुळे डिफपासून चाकापर्यंत जाणाऱ्या शाफ्टला दोन्ही टोकांना जॉइंट लागतो, आणि चाक वरखाली होताना अंतर कमी-जास्त होतं म्हणून तो शाफ्ट थोडा आतबाहेरही सरकायला लागतो. जॉइंटच्या आत पोलादी गोळ्या, त्यांना धरणारा पिंजरा आणि गोळ्या पळायच्या खाचा. साध्या क्रॉसच्या जॉइंटमध्ये कोन आला की एका फेरीत वेग दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो, गोळ्यांच्या जॉइंटमध्ये तसं होत नाही, म्हणून त्याला कॉन्स्टंट व्हेलॉसिटी म्हणतात. बाहेरून रबरी बूट, आत वंगण. बूट फाटला की वंगण बाहेर आणि धूळपाणी आत, पुढचं तुम्हाला माहीत आहेच.

७२ पीएसच्या (मेट्रिक हॉर्सपॉवरच्या) या गाडीला शाफ्ट झिजवण्याएवढा जोर कुठून येतो असं मला आधी वाटायचं. पण हिशोब करून बघा. इंजिनचा टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, १३७ न्यूटन मीटरच्या आसपास, पहिल्या गिअरचा रेशो जवळपास चार, डिफचा साडेतीन ते पावणेचार. गुणाकार केला की मागच्या ॲक्सलवर २००० न्यूटन मीटरच्या घरात जातो, म्हणजे एकेका शाफ्टवर हजार. तेही डिझेलचं, कमी आरपीएमला, चार सिलिंडरचे मोठमोठे झटके. पेट्रोल गाडी जिथे गुळगुळीत ओढते तिथे हे इंजिन धक्के देत ओढतं, आणि जॉइंटमध्ये जरा खेळ (ढिलेपणा) झाला की प्रत्येक धक्का त्या खेळातच आपटतो.

तर पहिला शनिवार. गाडी जॅकवर घेतली, मागे दोन्ही बाजूंना स्टँड लावले, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे. खाली गेलो, शाफ्ट हाताने धरून पिळून बघितले. डावा जवळपास घट्ट, उजवा अगदी किंचित हलतो. बूट बघितले तर उजव्याचा बाहेरचा बूट पन्हळीच्या तळाशी चिरलेला, ट्रेलिंग आर्मच्या आतल्या बाजूला काळं वंगण उडालेलं. पण खेळ एवढासा, की म्हणलं एवढ्याने असा ठोका यायचा नाही. म्हणून बाकी सगळं तपासत बसलो. प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून डिफपर्यंतचा लांब दांडा, त्याच्या दोन्ही टोकांच्या रबरी फ्लेक्स डिस्क बघितल्या, बोल्टच्या भोकांभोवती भेगा नाहीत. मधलं सेंटर बेअरिंग हाताने फिरवलं, ठीक. सबफ्रेमची माउंट पहारीने उचलून बघितली, ठीक. डिफचं मागचं रबरी माउंट मात्र एका बाजूला तडकलेलं, तेव्हा वाटलं सापडलं, हेच ते. अर्धा दिवस त्याच्यातच गेला आणि मी ते माउंट मागवूनही टाकलं.

रात्री झोप येईना तेव्हा डोक्यात एक गोष्ट आली. हा ठोका नेमका स्प्रिंग बदलल्यावरच का सुरू झाला? जुन्या स्प्रिंग बसलेल्या होत्या, गाडी मागून दबलेली होती, नव्या टाकल्यावर मागची बाजू बोटं-दोन बोटं वर आली. म्हणजे शाफ्टचा कोन बदलला. आणि गोळ्या खाचा झिजवतात ते सगळीकडे सारखं नाही, गाडी सरळ रस्त्यावर ज्या उंचीला चालते त्याच कोनाच्या आसपास झिजवतात, कारण नव्वद टक्के वेळ त्या तिथेच असतात. तिथे खळगा पडतो. इतकी वर्षं गोळ्या त्या खळग्यात निवांत बसून होत्या, मी उंची बदलली आणि त्या खळग्याच्या काठावर आल्या. आणि दुसरं, मी तपासत होतो ते चाकं लोंबकळत असताना! जॅकवर गाडी घेतली की ट्रेलिंग आर्म पूर्ण खाली जातात, कोन भलताच होतो, गोळ्या खाचेच्या न झिजलेल्या भागात जातात, म्हणून खेळ जवळपास दिसतच नाही.

रविवारी सकाळी पहिलं काम, गाडी मागून रॅम्पवर घेतली, म्हणजे चाकांवर वजन आणि सस्पेन्शन नेहमीच्या उंचीला. पुढे ठोकळे, हँडब्रेक लावलेला, गिअर न्यूट्रल. शाफ्टला एक तारेचा काटा चिकटपट्टीने बांधला, टोक मध्यापासून १० सेंटीमीटरवर, आणि समोर आर्मवर खडूने खूण. शाफ्ट दोन्ही हातांनी मागेपुढे पिळला. उजव्याचा काटा चांगला ४ मिलिमीटर फिरला, कानाला टक असा आवाज आला, तोच आवाज! काल लोंबकळत्या चाकाला तेच १ मिलिमीटरच्या आत होतं. डाव्याचा २ मिलिमीटरच्या जवळ. म्हणजे दोन्ही गेलेत, उजवा जास्त.

हे मी मुद्दाम एवढं लांबवून लिहितोय कारण मी जिथे जिथे वाचलं तिथे गाडी जॅकवर घ्या आणि शाफ्ट हलवून बघा असंच सांगितलेलं असतं. कृपा करून चाकांवर वजन ठेवून बघा. रॅम्प नसेल तर आर्मच्या खाली जॅक लावून चाक नेहमीच्या उंचीला उचला आणि मग पिळा. लोंबकळत्या चाकाला शाफ्ट घट्ट लागला म्हणजे चांगला आहे असं अजिबात नाही.

नवे शाफ्ट घ्यायचे का जुने दुरुस्त करायचे यावर बरीच घालमेल झाली. बूट नवे टाकून भागलं असतं तर तेच केलं असतं, मूळ शाफ्टचं पोलाद उत्तम असतं आणि जॉइंट शाबूत असेपर्यंत बूट बदलणं हेच शहाणपण. पण खळगा पडलेल्या खाचेला नवं वंगण काही करू शकत नाही. शेवटी मूळ शाफ्टवरच नवे जॉइंट बसवून दिलेले, असे दोन रीबिल्ट घेतले. पार्सल आल्यावर जुन्या-नव्याची लांबी, दोन्ही टोकांच्या स्प्लाईनचे (शाफ्टवरच्या लांबट खाचांचे) दात, डिफकडच्या टोकाची खाच सगळं मोजून बघितलं, आणि प्रत्येक शाफ्ट हातात धरून दोन्ही जॉइंट सगळ्या कोनांतून फिरवले. एकात मला एका जागी अडकल्यासारखं वाटलं, तो परत पाठवला आणि बदलून घेतला, म्हणून मधला एक आठवडा गेला. बसवल्यावर कळलं असतं तर सगळं परत उघडावं लागलं असतं. तेव्हा बसवण्याआधी हे करून घ्याच, पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरा शनिवार, उघडायला सुरुवात. पहिला नियम डिफचा, तेल काढायच्या आधी भरायचा प्लग उघडतोय का ते बघा. खालचा उघडून तेल सोडलं आणि वरचा गंजून बसलाय असं झालं तर गाडी तिथेच अडकते. दोन्ही प्लगला १४ मिलिमीटरची ॲलन की लागते, ती साध्या सेटमध्ये नसते, आधीच आणून ठेवा. षटकोनात माती भरलेली असते, ती खिळ्याने टोकरून पूर्ण काढा आणि की हातोडीने ठोकून तळापर्यंत बसवा, नाहीतर षटकोन गोल होतो. माझा वरचा प्लग रात्रभर गंज सोडवणारं तेल मारून ठेवल्यावर लांब पाइप लावून उघडला, तो कट्ट असा आवाज आल्यावर जो जीव भांड्यात पडला! डिफ थोडं चालवून गरम करून मग तेल सोडा म्हणजे तळाचा गाळ पण येतो. माझ्या तेलात बारीक राखाडी चमक होती, पण बोटाला टोचेल असा कणही नाही, प्लगच्या टोकाला थोडी पेस्ट. एवढ्या वर्षांच्या डिफला हे चांगलंच म्हणायचं.

मग हबच्या मध्यातला शाफ्टचा बोल्ट. हा चाक जमिनीवर असताना किंवा हँडब्रेक ओढून सैल करायचा. बोल्ट काढला तरी शाफ्ट हबमधून येत नाही, स्प्लाईन गंजून बसलेल्या असतात. इथे शाफ्टच्या टोकावर हातोडा मारायचा मोह होतो, मारू नका, टोक पसरतं, आतले आटे जातात, आणि हबच्या बेअरिंगलाही दणके बसतात. पुलर लावून हळूहळू दाबला, उजवा थोड्या वेळात आत सरकला. डाव्याने मात्र दोन तास घेतले. पुलर ताणून ठेवायचा, स्प्लाईनवर गंज सोडवणारं तेल, चहाची वेळ होते तेवढं थांबायचं, परत अर्धा आटा. चौथ्या-पाचव्या वेळी एकदम सुटला.

एक सावधगिरीची गोष्ट, या गाडीत मागचे शॉकॲब्सॉर्बरच आर्मला खाली जायला थांबवतात. जागा मिळावी म्हणून शॉकॲब्सॉर्बर सोडायचा असेल तर आधी आर्मखाली जॅक पाहिजेच, नाहीतर आर्म एकदम खाली येऊन स्प्रिंग बाहेर येऊ शकते आणि ब्रेकच्या होजला ताण बसतो तो वेगळाच. मला सोडायची गरज पडली नाही. आर्मखाली दुसरा जॅक लावून उंची कमी-जास्त करत गेलो तसा कुठेतरी असा कोन सापडतोच की शाफ्ट आपोआप बाहेर यायला जागा मिळते.

आता आतली बाजू. शाफ्ट डिफमध्ये सी आकाराच्या लॉक रिंगने धरलेला असतो आणि ती रिंग डिफच्या पोटात, म्हणजे मागचं कव्हर उघडल्याशिवाय सुटका नाही. कव्हरलाच ते मागचं माउंट आहे, म्हणून आधी डिफच्या खाली जॅक, मधे लाकडाची फळी, मग माउंटचे बॉडीला धरणारे बोल्ट काढून डिफ जरासं खाली. जरासंच! पुढे प्रॉपेलर शाफ्टची फ्लेक्स डिस्क जोडलेली आहे, जास्त खाली सोडलं तर सगळा ताण त्या रबरावर जातो. कव्हरचे बोल्ट काढले, रबरी हातोडीने कडेला टकटक केलं, सुटलं.

आत बघून खरंच बरं वाटलं. क्राउन गिअरचे, म्हणजे डिफमधल्या मोठ्या गिअरचे, दात स्वच्छ, दातांवरचा घासल्याचा पट्टा मध्यावर, कुठे निळसर जळकेपणा नाही. शाफ्टचं टोक आणि लॉक रिंग समोरच दिसते. शाफ्ट थोडा आत ढकलायचा म्हणजे रिंग मोकळी होते, मग पक्कडीने काढायची. रिंग काढली की शाफ्ट बाहेरून ओढला की येतो. कुठली रिंग कुठल्या बाजूची, स्पेसर कुठला, सगळं दोन वेगळ्या डब्यांत, डब्यांवर डावं-उजवं लिहून.

या लॉक रिंगबद्दल थांबून सांगतो, कारण हे काम घाईत करणारे इथेच चुकतात. या रिंगा वेगवेगळ्या जाडीच्या मिळतात. रिंग खाचेत बसल्यावर शाफ्टला आतबाहेर खेळ राहता कामा नये, पण रिंग हाताने खाचेत फिरली पाहिजे. खेळ राहिला तर प्रत्येक वेळी लोड बदलला की शाफ्ट रिंगवर आपटणार, म्हणजे नवे शाफ्ट टाकूनही टक-टक तशीच राहणार आणि माणूस नव्या शाफ्टला दोष देत बसणार. नव्या शाफ्टची खाच जुन्याच्या तंतोतंत असेलच असं धरू नका. माझी जुनी रिंग उजव्या बाजूला ढिली पडत होती, व्हर्नियरने मोजून एक पायरी जाड टाकली, ती फिरत होती आणि खेळ शून्य. डाव्याला जुन्याच जाडीची नवी बसली. जुनी रिंग परत वापरली नाही, काढताना ती थोडी तरी वाकतेच.

शाफ्ट बाहेर आहेत तेव्हा डिफचे बाजूचे दोन्ही ऑइल सील बदलून टाका, विचारच करू नका. सील म्हणजे क्षुल्लक वस्तू, पण त्यासाठी परत हे सगळं उघडायला लागतं. जुना सील काढताना बसायच्या जागेला ओरखडा नको, नवा सरळ ठोकायचा, मी सीलच्या मापाचं मोठं सॉकेट उलटं धरून ठोकला, ओठाला तेल लावलं. आणि शाफ्ट आत घालताना स्प्लाईनच्या दातांनी सीलचा ओठ कापला जाऊ शकतो म्हणून शाफ्टचं वजन पूर्ण हातात पेलून, अगदी सरळ आत न्यायचा. यासाठी दुसरा माणूस असेल तर उत्तम, एक खाली शाफ्ट पेलायला आणि एक मागून रिंग बसवायला. मी एकटा होतो, डाव्या बाजूला शाफ्ट दोरीने सबफ्रेमला टांगून ठेवला, जमलं.

तिसरा शनिवार बसवण्याचा. कव्हरचा जुना सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडला, दोन्ही कडा ब्रेक क्लीनरने पुसल्या, नवा सीलंट बारीक अखंड रेघेत, प्रत्येक बोल्टच्या भोकाला आतून वळसा घालून. नवं रबरी माउंट पण लावलं, मागवलेलंच होतं आणि जुनं तडकलेलं होतंच. हबच्या स्प्लाईन वायरब्रशने साफ करून पातळ वंगण लावलं म्हणजे पुढच्या माणसाला, म्हणजे बहुतेक मलाच, पुलरशी दोन तास भांडायला नको. सगळे बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने. डिफचं गिअर तेल ८५ डब्ल्यू ९०, जीएल-५ हायपॉइड, साधारण १ लिटर लागलं, गाडी समतल ठेवून भरायच्या भोकातून बाहेर ओघळायला लागेपर्यंत. सीलंट रात्रभर सुकू दिला आणि मगच तेल भरलं.

रविवारी सकाळी बाहेर काढली. क्लच सोडला आणि वाट बघत राहिलो त्या ठोक्याची, आलाच नाही. परत थांबवली, परत सोडला, नाही. रिव्हर्स, पहिला, रिव्हर्स, नाही. चढावर तिसऱ्यात पूर्ण दाबली, थरथर गेलेली. इंजिनचा नेहमीचा घरघराट तेवढा, आणि खरं सांगतो, मागून येणारा तो एक आवाज गेल्यावर इंजिनचा आवाजसुद्धा वेगळा, स्वच्छ ऐकू यायला लागला. परत येऊन खाली बघितलं, सील कोरडे, कव्हर कोरडं. ५०० किलोमीटरनंतर परत बघितलं, कोरडंच, बूटच्या क्लिपा जागच्या जागी.

जुना उजवा शाफ्ट परवा उघडला, बाहेरच्या जॉइंटचं पत्र्याचं आवरण ग्राइंडरने कापून. आत वंगण नव्हतंच, तपकिरी चिखल होता. धुतल्यावर खाचा दिसल्या. प्रत्येक खाचेत, पुढे ओढताना ज्या बाजूवर जोर येतो त्या बाजूला एक लांबट खळगा, नख अडकेल एवढा खोल, आणि त्याच्या पलीकडे खाच अगदी गुळगुळीत, नव्यासारखी. लोंबकळत्या चाकाला गोळ्या ज्या भागात जातात तोच तो गुळगुळीत भाग. पहिल्या शनिवारी मला खेळ का सापडला नाही ते तिथे डोळ्यांनी दिसलं. डाव्याचे बूट फाटलेले नव्हते, त्याचे जॉइंट अजून उघडले नाहीत, पुढच्या महिन्यात उघडून खाचा मोजणार आहे, खळगा उथळ असेल तर नवे बूट-वंगण घालून स्पेअर म्हणून ठेवायचा विचार आहे. मापं आली की इथेच टाकतो.